मेश्रामसरांचा कॅनडा

मेश्रामसर गेल्याचं मला कळलं ते इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. सर जाऊन तोवर अकरा दिवस झाले होते. पोस्ट डॉ. प्रमोद गुर्जरची होती. ‘माझा जिवलग मित्र, माझा गोल्फमधला गुरू आपल्याला सोडून गेला. कॅनडातले ते सोनेरी दिवस कधीच विसरणार नाही.’ खाली फोटो. जास्परच्या मैदानावर दोघं उभे, सरांच्या खांद्यावर प्रमोदचा हात. तो फोटो मीच काढलेला.

ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, ‘अशी मैत्री आता बघायला मिळत नाही.’ मी फोन टेबलावर पालथा ठेवला. प्रमोदला उत्तर लिहिलं नाही. हे मात्र लिहितेय.

सुधाकर मेश्राम पहिल्यांदा माझ्याकडे आले ते पेशंट म्हणून. मी कॉव्हेंट्रीत एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. त्यांचा उजवा खांदा आखडला होता, हात कानापर्यंतसुद्धा जात नव्हता. सदुसष्ट वर्षांचे, ताठ पाठीचे, शर्टाला कडक इस्त्री. माझ्या बॅजवरचं नाव त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

“मृणाल. पुण्याच्या काय?”

“हो.”

“मी नागपूरचा. आता ऐका बाई. माझा नेहमीचा डॉक्टर, जीपी, म्हणतो सहा महिने गोल्फ बंद. आणि मला अकरा आठवड्यांनी कॅनडात, प्रिन्स एडवर्ड आयलंडला खेळायचं आहे. तिकीट काढलेलं आहे. तर काय करायचं?”

मी म्हटलं, सहा महिने म्हणजे सहा महिने. तर म्हणाले, “ते जीपीचं झालं. तुम्ही व्यायाम सांगा, मी करतो. नाही झालं तर चूक माझी.”

भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा एक साधा व्यायाम असतो. दिवसातून तीनदा करा म्हटलं की माणसं आठवड्यातून तीनदा करतात. सरांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या, प्रत्येक रेघेपुढे तारीख. बायकोनं, शालिनीताईंनी, नव्या रंगाची भिंत खराब केली म्हणून चार दिवस अबोला धरला. तिसऱ्या आठवड्यात ते मला ‘तू’ म्हणायला लागले. ‘बाई’ मात्र तसंच राहिलं. अकराव्या आठवड्यात ते विमानात बसले आणि त्यानंतर दहा दिवसांनी हॉस्पिटलच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. मोत्यासारखं मराठी अक्षर. ‘बाई, खांदा चालला. इथली माती गेरूसारखी लाल आहे. मी पांढरी पँट घालून आलो. शालिनी म्हणते ही पँट आता कायमची गेरूची झाली.’

सर म्हणून सगळे हाक मारायचे, पण ते शिक्षक नव्हते. मोटारीचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते धातूंची तपासणी करायचे. दर शनिवारी बुद्धविहारात मुलांना गणित शिकवायचे, त्यावरून ते ‘सर’ झाले. इथं जन्मलेली मुलं त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, सर नागपुरी मराठीत उत्तर द्यायचे आणि कुणाचं काही अडायचं नाही. “काहून रे बाप्पा, भागाकार तुला खाऊन राहिला का?” हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. ज्याला म्हटलं तो पोरगा आता अकाउंटंट आहे.

गोल्फ त्यांना कॅनडानंच लावलं. कंपनीनं त्यांना सहा महिन्यांसाठी ऑन्टारिओत, विंडसरजवळच्या एका छोट्या गावात पाठवलं होतं. तिथला फोरमन एका रविवारी त्यांना गावच्या मैदानावर घेऊन गेला. सरांनी आयुष्यात गोल्फची काठी धरलेली नव्हती. त्याआधी कॉव्हेंट्रीत एकदा ते एका गोल्फ क्लबच्या दारातून परत आले होते. आत शिरल्याबरोबर एका माणसानं “डिलिव्हरी मागच्या दारानं” असं सांगितलं होतं, अगदी नम्रपणे. ऑन्टारिओत खिडकीतल्या बाईनं विचारलं, नाव काय आणि आधी खेळलायत का. बस्स.

“वडिलांचं नाव नाही विचारलं, बाई,” सर सांगायचे. “गाव नाही विचारलं. कोणाच्या ओळखीनं आलात, नाही विचारलं. मी त्या दिवशी चेंडूला एकशे बेचाळीस वेळा मारलं असेल. पण आयुष्यात इतका मोकळा चाललो नव्हतो.”

त्यानंतर दर उन्हाळ्यात कॅनडा. शालिनीताई सोबत असायच्या. त्या खेळायच्या नाहीत, चालायच्या आणि पक्षी बघायच्या. परत आले की सर सगळ्यांना घरी जेवायला बोलवायचे आणि जेवणापेक्षा गोष्टीच जास्त वाढायचे. सस्कॅचवानच्या एका खेड्यात गवताऐवजी वाळूचं ग्रीन होतं. भोकाच्या आसपासचा जो गुळगुळीत तुकडा, तो ग्रीन. तिथं पाण्याची टंचाई म्हणून तेल शिंपडलेली वाळू. आपण मारायच्या आधी एका लोखंडी नळीनं ती सारवायची आणि खेळून झालं की पुढच्यासाठी पुन्हा सारवून ठेवायची. मैदानावर माणूस नाही, काणूस नाही. एका शेडमध्ये पत्र्याची पेटी, तिच्यात आपली फी आपणच टाकायची. “आणि लोक टाकतात!” सर टेबलावर हात आपटून सांगायचे. न्यूफाउंडलंडला इतकं धुकं होतं की चेंडू पडल्याचा आवाज ऐकून दिशा ठरवायची. शालिनीताईंचे कान तिखट, म्हणून त्या दिवशी त्यांनीच नवऱ्याचे सगळे चेंडू शोधून दिले. “एक चेंडू समुद्रात पडला,” त्या शांतपणे मध्येच सांगायच्या, “तेही मला ऐकू आलं.”

सरांच्या बॅगेत दोन गोष्टी कायम. फॉइलमध्ये गुंडाळलेली ज्वारीची भाकरी आणि ठेचा, आणि गोल्फच्या नियमांचं छोटं पुस्तक. पुस्तकाची पानं हाताळून मऊ पडली होती. या खेळात पंच नसतो. चूक झाली तर ज्याची त्यानं सांगायची आणि आपल्या खात्यावर एक फटका वाढवून घ्यायचा, याचं सरांना विलक्षण अप्रूप होतं. “लिहिलेला नियम गरिबाचा असतो बाई,” ते म्हणायचे. “न लिहिलेला नियम बड्यांचा. म्हणून आपण लिहिलेलं वाचून ठेवायचं.”

मला त्यांनी कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, मैदानावर शिकवलं. प्रमोद गुर्जरलाही त्यांनीच. प्रमोद लेस्टरला दातांचा डॉक्टर, सरांपेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान, देखणा, बोलका. कुठंही गेला की दहा मिनिटांत तिथलाच वाटायला लागायचा. येताना तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरून जिलेबी-फाफडा घेऊन यायचा, गाडी चालवताना जुनी नाट्यगीतं म्हणायचा, आणि वाईट खेळला की आकाशाकडे बघून स्वतःलाच शिव्या द्यायचा. त्याच्यावर राग धरणं कठीण होतं. शालिनीताईंना कॅन्सर झाला तेव्हा तो क्लिनिक संपवून रोज संध्याकाळी लेस्टरहून कॉव्हेंट्रीला यायचा. सरांना जबरदस्तीनं बाहेर चालायला न्यायचा, तेवढा वेळ ताईंजवळ मी बसायची. ताई गेल्या त्या दिवशी सरांच्या पायात बूट त्यानं खाली बसून घातले होते, कारण सरांना लेस बांधता येईना. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

ताई गेल्यावर कॅनडाला सरांबरोबर प्रमोद जायला लागला. एका सप्टेंबरात माझी मावसबहीण कॅल्गरीत होती, तिच्याकडे मी गेले आणि तिथून आठ दिवस या दोघांना जोडून घेतलं. बॅन्फ, जास्पर, मग डोंगर उतरून व्हँकुव्हर.

जास्परला एका ग्रीनवर एल्क बसला होता. आपल्या सांबरासारखाच, पण घोड्याएवढा, डोक्यावर फांद्यांसारखी शिंगं. त्या दिवसांत ते माजावर असतात, जवळ जाऊ नका, असं ऑफिसात बजावलं होतं. प्रमोद म्हणाला हे होल, हा एवढा टप्पा, सोडून पुढं जाऊ. सरांनी खिशातून मैदानाच्या स्थानिक नियमांचा कागद काढला, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं. एल्कच्या खुराच्या खड्ड्यात चेंडू पडला तर दंड न घेता हलवता येतो. “पण एल्कच बसला असेल तर काय, ते नाही लिहिलं,” म्हणाले. मग आम्ही तिघं आणि आमच्याबरोबर खेळणारं एक कॅनेडियन जोडपं असे वीस मिनिटं गवतात बसून राहिलो. सरांनी भाकरीऐवजी मोटेलवाल्याकडून आणलेलं सँडविच सगळ्यांत वाटलं. शेवटी एल्क उठला, आमच्याकडे एकदा बघून झाडीत गेला. तो फोटो त्यानंतरचा.

त्या जोडप्याशी आमची पैज होती. हरेल त्यानं जेवण द्यायचं. सोळाव्या होलवर सरांचा चेंडू झाडाखालच्या लांब गवतात, पाइनच्या सुयांवर पडला. ते मारायला उभे राहिले, काठी चेंडूमागे टेकवली आणि एकदम मागं झाले.

“हलला,” ते म्हणाले.

“काय हलला?” प्रमोद.

“चेंडू. केसभर. माझ्यामुळं. एक फटका वाढव.”

“कुणी बघितलं?”

“मी बघितलं ना.”

आम्ही एका फटक्यानं हरलो. कॅनेडियन बाई म्हणाली जेवण आम्हीच देतो, सर ऐकेनात.  गाडीत प्रमोद हसत म्हणाला, “मेश्रामसाहेब, तुमच्यासारख्या माणसाबरोबर खेळायचं म्हणजे पोलिसाबरोबर चोरी करायला निघाल्यासारखं आहे.” सरही हसले. मीही.

दुसऱ्या दिवशी क्लिअरवॉटर नावाच्या गावात पेट्रोल भरायला थांबलो. सर आपलं जॅकेट जास्परच्या मोटेलात विसरले होते, आणि पुढचं मोठं गाव, कामलूप्स, किती लांब हे त्यांनी सकाळपासून दोनदा विचारलं होतं. ते आत कॉफी घ्यायला गेले. प्रमोद म्हणाला, “काय गं, सर हल्ली जरा विसरायला लागलेत, नाही?”

मी चिप्स खात होते. म्हटलं, “हो, ताई गेल्यापासून. मागच्या महिन्यात माझ्याकडची अपॉइंटमेंटसुद्धा विसरले.”

एवढंच. पेशंटबद्दल असं बोलायचं नसतं हे मला पहिल्या वर्षापासून शिकवलंय. पण ते माझ्यासाठी तेव्हा नुसते पेशंट नव्हते, आणि प्रमोद परका नव्हता. सर कॉफी घेऊन आले, आम्ही विषय बदलला.

पुढच्या वर्षी कौन्सिलनं ते मैदान बंद केलं. तिथं घरं होणार होती. प्रमोद त्याआधीच वॉरिकशरमधल्या एका जुन्या खासगी क्लबचा मेंबर झाला होता. “साहेब, तुम्ही पण या,” तो मागं लागला. सर टाळत होते. “तिथं मला न लिहिलेले नियम शिकायला लागतील,” म्हणाले. प्रमोदनं स्वतः फॉर्म आणला, स्वतः नाव सुचवलं, स्वतः गाडीतून नेलं. सर मेंबर झाले. दोन वर्षं बरी गेली. क्लबहाउसमध्ये भाकरी काढायची नाही एवढं ते शिकले, ती कार पार्कमध्ये गाडीत बसून खायला लागले.

ऑक्टोबरात एक स्पर्धा झाली. सर, प्रमोद आणि रॉजर नावाचा एक कमिटी मेंबर असे तिघं एकत्र खेळत होते. स्पर्धेत आपलं कार्ड आपण लिहीत नाही, दुसरा लिहितो आणि शेवटी सही करतो. रॉजरचं कार्ड सरांकडे होतं. चौदाव्या होलवर रॉजरचा चेंडू उंच गवतात पडला. सरांनी पाहिलं की त्यानं बुटाच्या टोकानं तो बाहेर, बऱ्या जागी ढकलला. सर म्हणाले, “रॉजर, आय सॉ दॅट. तुझ्या खात्यावर दंड.” रॉजर हसला आणि चालू लागला. खेळ संपल्यावर सरांनी त्याच्या कार्डावर सही करायला नकार दिला.

कार पार्कमध्ये प्रमोद सरांना म्हणाला, “मीही बघितलं. पण जाऊ द्या ना साहेब. रॉजर क्लबचा पुढचा कॅप्टन आहे. आपल्याला इथं राहायचंय.”

सर म्हणाले, “म्हणूनच.”

हे मला सरांनी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. आवाजात राग नव्हता, खुशीच होती म्हणा ना. “प्रमोदनं पण पाहिलं,” ते दोनदा म्हणाले. रॉजरनं सरांविरुद्ध तक्रार केली, खोटा आळ घेतला म्हणून. कमिटीनं प्रमोदला बोलावलं. साक्षीदार तो एकटाच.

तीन आठवड्यांनी सरांनी मला घरी बोलावलं. ‘ये’ नाही म्हणाले, “याल का जरा?” म्हणाले. मला वाटलं पाहुणे असतील. घरात एकटेच होते. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा ताई गेल्यावरही त्यांनी पुसलेल्या नव्हत्या. टेबलावर क्लबचं पत्र होतं.

“वाचा,” ते म्हणाले.

पत्र अतिशय सभ्य होतं. कमिटीला गैरप्रकाराचा पुरावा मिळालेला नाही. डॉ. गुर्जर यांना काहीही दिसलं नाही. मित्राविषयीच्या आस्थेपोटी आणि नाइलाजानं त्यांनी कमिटीला सांगितलं आहे की पत्नीच्या निधनानंतर श्री. मेश्राम यांची स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही, ते गोंधळतात. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या एका व्यक्तीच्याही हे लक्षात आलेलं आहे. हे ध्यानात घेऊन कमिटी कुठलीही कारवाई करू इच्छित नाही. श्री. मेश्राम यांनी रॉजर यांना दोन ओळींचं दिलगिरीचं पत्र दिलं की विषय संपेल.

मी शेवटपर्यंत वाचलं आणि तसंच धरून बसले.

“उपचार करणारी व्यक्ती,” सर म्हणाले. “माझ्यावर उपचार एकाच माणसानं केले. तुम्ही बोललात?”

“सर, ते असं नव्हतं. तो म्हणाला सर विसरतात, तर मी…”

“बोललात की नाही?”

“बोलले.”

“कुठं?”

“क्लिअरवॉटरला. पेट्रोल भरताना. तुम्ही कॉफी आणायला गेला होतात.”

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, “काल मी प्रमोदला फोन केला होता. विचारलं, काहून असं केलं? तर म्हणाला, ‘साहेब, तुम्ही लोक फार लवकर दुखावता.’” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुम्ही लोक. हे मी नागपुरात ऐकलं होतं. इथं कारखान्यात इंग्रजीत ऐकलं होतं. प्रमोदच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, बाई. वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे इतकी वर्षं ते आत होतं.”

मी रडायला लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास भरून पुढं ठेवला. धीराचा एक शब्द बोलले नाहीत.

मी कमिटीला पत्र लिहिलं की माझं बोलणं चुकीच्या अर्थानं वापरलं गेलं. ‘आम्ही आपल्या भावनेचा आदर करतो, विषय बंद झाला आहे,’ असं उत्तर आलं. प्रमोदला फोन केला. तो जराही गडबडला नाही. “अगं, मी त्यांना वाचवलं,” तो म्हणाला. “मी ‘पाहिलं’ म्हटलं असतं तर आम्ही दोघंही बाहेर. ‘नाही पाहिलं’ म्हणून थांबलो असतो तर ते खोटारडे ठरले असते. विसराळू म्हणवून घेणं बरं की खोटारडा? तूच सांग. आणि मी खोटं काय बोललो? तूच तर म्हणाली होतीस.”

मी फोन ठेवून दिला. 

सरांनी दिलगिरीचं पत्र दिलं नाही. राजीनामा दिला, एका ओळीचा. जीपीकडे जाऊन स्मरणशक्तीची रीतसर तपासणी मात्र करून घेतली. तीत काही दोष निघाला नाही. मी म्हटलं, ते कागद क्लबला पाठवा. “कशाला?” म्हणाले. “आपण शहाणे असल्याचं सर्टिफिकेट माणसानं द्यावं, असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही. मी माझ्यासाठी केली. मलाच शंका यायला लागली होती.”

त्यांच्याशी झालेलं हे माझं शेवटून दुसरं बोलणं. वसंतात कॉव्हेंट्रीचं घर विकून ते लंडनच्या इल्फर्डला मुलीजवळ, प्रज्ञाजवळ, राहायला गेले. जाताना विहारातल्या मुलांचा निरोप घेतला, शेजारच्या आयरिश म्हातारीचा घेतला. माझ्याकडे आले नाहीत. प्रमोद एप्रिलमध्ये क्लबच्या कमिटीवर गेला. आणि मी? मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून जेवले. त्यानं “चिरोटे छान झालेत, घे ना,” म्हणून ताट पुढं केलं आणि मी घेतले. हेही सांगायला हवं.

त्या उन्हाळ्यात सर एकटेच कॅनडाला जाऊन आले, नोव्हा स्कोशियाला. हे मला प्रज्ञाकडून कळलं. मी तिला मेसेज करत राहायची, ती कधीतरी फोन करायची. प्रज्ञा इथं जन्मली, वाढली, तिचं मराठी घरातलं. “मृणालताई, बाबा ठीक आहेत. खातात, वॉकला जातात. पण त्यांची राग जात नाही. म्हणजे, इट्स नॉट राग इव्हन. ते तुमचा नाव निघाला की टीव्ही लावतात.” मग हळूच म्हणाली, “मंगळवारी सकाळी ते गोल्फला असतात. कौन्सिलचा छोटा कोर्स आहे. आय डिडन्ट टेल यू.”

मार्चमधल्या एका मंगळवारी मी सुट्टी घेतली आणि इल्फर्डला गेले. नऊ होलचं साधं मैदान, एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला जाळीचं कुंपण आणि रस्ता. वारा सुटला होता. सर मला लांबूनच ओळखू आले, चालण्यावरून. थोडे बारीक झाले होते. त्यांच्यासोबत दोन म्हातारे होते, एक पगडीवाले सरदारजी आणि एक उंच जमैकन गृहस्थ, आणि तिघंही कशावर तरी मोठमोठ्यानं हसत होते. सरांना असं खिदळताना मी ताई असतानाच पाहिलं होतं. मला वाटलं, इथूनच परत जावं. पण त्यांचा चेंडू कुंपणाकडे आला आणि त्यामागे ते आले. मला पाहून थबकले.

“बाई.”

“सर, मी फक्त…”

“प्रज्ञानं सांगितलं असणार.” त्यांनी काठी जमिनीत टेकवली. “बोला.”

मी म्हटलं, “माफ करा मला.” वर्षभर मनात घोळवलेलं होतं सगळं, पण एवढंच बाहेर आलं.

त्यांनी हातमोजा काढून खिशात घातला. “तुम्ही खोटं नाही बोललात,” म्हणाले. “मी जॅकेट विसरलो होतो. तुमच्याकडची तारीखही विसरलो होतो. मी काय विचार करून राहिलो होतो तेव्हा, सांगू? शालिनी गेल्यापासून मला वाटायचं, आणि बॅन्फपासून तर फारच, की ती मागून येऊन राहिली आहे. म्हणून लक्ष नव्हतं. तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुम्ही त्याला सांगितलं.”

“सर, मला काय माहीत होतं तो असं…”

“नव्हतं. ते मला पटतं.” ते म्हणाले. आवाज मऊ होता, आणि म्हणूनच जास्त लागला. “प्रमोदचं मला कळलं, बाई. त्याला तिथं राहायचं होतं. माणूस राहण्यासाठी काय काय करतो, मी पाहिलंय. तुमचं मात्र मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला त्यातून काहीच मिळणार नव्हतं.”

कुंपणाच्या जाळीत मी बोटं अडकवली होती. रेल्वे धडधडत गेली, मग मी विचारलं,

“फोन करू कधी?”

“नको,” ते म्हणाले. मग जणू फार कडक झालं असं वाटून पुढं म्हणाले, “खांदा चांगला आहे.”

त्यांनी चेंडू मारला. छान उडाला, वाऱ्यावर थोडा डावीकडे गेला आणि गवतात थांबला. ते दोघं त्यांची वाट बघत उभे होते. सर पोचल्यावर सरदारजींनी कुंपणाकडे मान वळवून काहीतरी विचारलं. वारा माझ्या बाजूला होता, म्हणून उत्तर स्पष्ट ऐकू आलं.

“समवन फ्रॉम द हॉस्पिटल,” सर म्हणाले, बॅग खांद्यावर टाकली आणि तिघं चढावरून पुढच्या होलकडे निघाले.